बंब गेला, मिक्सर राहिला: ऑनलाइन लिलावाचा सात आठवड्यांचा अनुभव

पाचपैकी तीन तारे. साडेतीन देणार होते, अर्धा काचेच्या हंडीपायी कापला.

सदाशिव पेठेतली आमची इमारत पुनर्विकासाला गेली आणि बिल्डरने जागा रिकामी करायला नव्वद दिवस दिले. भाड्याची जागा कर्वेनगरला मिळाली. दोन बेडरूम, मोठी गॅलरी, लिफ्ट, चोवीस तास पाणी, सगळं आहे. माळा नाही. आमच्या घरातली तीन पिढ्यांची अडगळ एकट्या माळ्याच्या जोरावर टिकून होती, हे मला तेव्हा कळलं. ह्यांनी एकदा शिडी लावून वर डोकं घातलं, दोन मिनिटांनी बाहेर काढलं आणि म्हणाले, ‘मला वाटतं आपण बिल्डरला अजून नव्वद दिवस मागावे.’

पहिला विचार अर्थातच जुन्या बाजाराचा. बुधवारी आणि रविवारी तिथे काय वाटेल ते विकलं जातं. पण तिथे विकायला बसणं वेगळं आणि तिथल्या माणसाला आपला माल विकणं वेगळं. एकाला घरी बोलावलं. त्याने सगळ्यावरून नजर फिरवून ‘सगळं मिळून’ एक आकडा सांगितला. आकडा लिहीत नाही, लाज वाटते. मग माझा भाचा म्हणाला, ‘मावशी, लिलावाच्या ॲपवर टाक. ज्याला हवं तो बोली लावेल, तू फक्त फोटो काढ.’ त्या ‘फक्त’बद्दल मी त्याच्याशी दोन दिवस बोलत नव्हते.

ॲपचं नाव लिहीत नाही, कारण माझी तक्रार तिथे अजून चालू आहे.

लिलाव मला नवा नाही. बत्तीस वर्षं बँकेत काढली, त्यातली शेवटची नऊ सोनेतारण विभागात. कर्ज थकलं, नोटिसा झाल्या, पेपरात जाहिरात आली, की दागिन्यांचा लिलाव. शाखेच्या मागच्या खोलीत टेबल, त्यावर पाकिटं, आणि समोर ठरलेले पाच सराफ. ‘एक वार, दोन वार’ म्हणायला मॅनेजर स्वतः उभे. पण बोली राखीव किमतीच्या वर शे-दोनशे रुपये सरकली की खोली गप्प. पाटल्या एकाने घ्यायच्या, चेन दुसऱ्याने, मंगळसूत्र तिसऱ्याने. जाताना पाचही जण एकाच गाडीतून जायचे. तिथे मी शिकले की लिलावाला गर्दी लागत नाही, एकमेकांना न ओळखणारी आणि एकाच वस्तूवर जीव जडलेली दोन माणसं लागतात. ॲपवर ती मिळतात का, एवढंच मला बघायचं होतं.

सुरुवात बंबापासून केली. तांब्याचा, मधून निखाऱ्यांची नळी, खाली जाळी, पितळी तोटी, वर झाकण. सासूबाई सांगायच्या की तो तांबट आळीतून आणला तेव्हा हमालाने डोक्यावरून आणला होता. गॅसचा गीझर आल्यावर तो माळ्यावर गेला आणि त्यात दिवाळीचे आकाशकंदील राहू लागले. आमच्या वजनकाट्यावर नऊ किलो दोनशे ग्रॅम भरला. मोडवाल्याने किलोला साडेपाचशे सांगितले होते, म्हणजे पाच हजार साठ. हा आकडा मी वहीत वरच लिहून ठेवला.

पितांबरी लावून, चिंच लावून, दुपारभर घासला. आरसा झाला. गॅलरीत ठेवून सहा फोटो काढले, टाकले. दुसऱ्या दिवशी भाच्याचा फोन: ‘मावशी, तिसऱ्या फोटोत तू दिसतेयस.’ बंबाच्या पोटावर मी, गाऊनमध्ये, मोबाईल दोन्ही हातांत धरून, आणि मागे वाळत घातलेले ह्यांचे बनियन. तोवर एकतीस जणांनी बघून झालं होतं.

फोटो बदलला तर जाहिरातच गायब. ‘सुरक्षेच्या कारणास्तव रोखली आहे.’ ॲप तुम्ही मराठीत लिहिलेल्या मथळ्याचं आपोआप इंग्रजी करतं, आणि त्याने ‘तांब्याचा बंब’ हे वाचून काय करायचं ते केलं. मदत केंद्राला फोन लावला. पलीकडचा मुलगा अत्यंत नम्रपणे म्हणाला, ‘मॅडम, बॉम्ब अलाउड नहीं है।’ मी सांगितलं, अरे बाळा, पाणी तापवायचा. तो म्हणाला, ‘तो गीझर लिखिए.’ शेवटी ‘तांब्याचं पाणी तापवायचं जुनं भांडं’ असं लिहिलं तेव्हा चार दिवसांनी सुटका झाली. अडकित्त्याला वर्ग सापडत नाही, पाटाला ‘लो स्टूल’ म्हणावं लागतं, आणि फिरकीचा तांब्या ‘बॉटल’मध्ये जातो. पुण्यामुंबईत मराठी माणसांकडून माल गोळा करणाऱ्यांनी मराठी जाणणारा एक माणूस पगारावर ठेवायला हरकत नाही.

आता बोलीची पद्धत. ही मला मनापासून आवडली, म्हणून जरा सविस्तर. सुरुवातीची किंमत मी २,००० ठेवली, बोलीची पायरी २०० रुपयांची. बोली लावणारा आपली कमाल मर्यादा मशीनला गुपचूप सांगून ठेवतो. मशीन त्याच्या वतीने, समोरच्याला मागे टाकण्यापुरतं, एकेक पायरी वर चढतं. म्हणजे जिंकणारा स्वतःची मर्यादा भरत नाही, हरणाऱ्याच्या मर्यादेवर एक पायरी भरतो. पाच दिवसांत बंब ४,६०० वर आला आणि तिथेच बसला. मोडवाल्यापेक्षा कमी! हे वही बघून नुसते हसले.

रविवारी रात्री नऊला वेळ संपणार होती. आठ सत्तावन्नला ६,०००. मग कळलं की इथे शेवटच्या दोन मिनिटांत बोली आली की वेळ आणखी दोन मिनिटं वाढते, म्हणजे शेवटच्या सेकंदाला येऊन कुणी बाजी मारून जाऊ नये. सहा दोनशे, सहा आठशे, सात सहाशे. पोळ्यांची कणीक झाकून ठेवलेली, ह्यांनी टीव्हीचा आवाज बंद केलेला. नऊ हजारांना मला वाटलं संपलं, एक मिनिट पन्नास सेकंद काहीच नाही, आणि मग पुन्हा घड्याळ दोन मिनिटांवर. नऊ वाजून एकोणीस मिनिटांनी ११,६०० वर थांबलं. रात्री आम्ही ब्रेड खाल्ला.

जिंकणारा मुलगा मंगळवारी बाणेरहून टेम्पो घेऊन आला. छोटं हॉटेल काढतोय, दारात ठेवणार, त्यात मनीप्लांट लावणार. बंबात मनीप्लांट! सासूबाई असत्या तर टेम्पो परत पाठवला असता. त्याने सहज सांगितलं की मी अठरा हजारांची मर्यादा टाकली होती. तो गेल्यावर हे म्हणाले, सहा हजार चारशे हुकले. मी म्हटलं, दुसरा अकरा हजार चारशेला थांबला, पुढे चढायला कुणी राहिलंच नव्हतं, तर हुकले कुठून? आणि हो, तो मुलगा हेही म्हणाला की काकू, घासायला नको होता, काळपट असता तर आणखी लोक आले असते. माझी एक दुपार आणि पाव किलो चिंच.

याच्या उलट मिक्सर. चालू स्थितीत, तीन भांडी, एका झाकणाची कडी तुटलेली. ३०० रुपयांपासून टाकला, तीनदा टाकला, एकही बोली नाही. प्रेशर कुकर, व्यायामाची सायकल (जिच्यावर आम्ही टॉवेल वाळवायचो), प्लास्टिकच्या चार खुर्च्या, सगळ्यांची तीच गत. नव्या मिक्सरची किंमत पोराटोरांना पाठ असते, मग जुन्यावर दोघं भांडतील कशाला? अशा गोष्टी ठरावीक किमतीला सोसायटीच्या ग्रुपवर टाकाव्यात किंवा सरळ कुणाला तरी द्याव्यात. स्टीलची भांडी मी दोनच टाकून बघितली. त्यावर एकच प्रश्न आला: ‘नाव न घातलेली आहेत का?’ आमच्याकडे वाटी-चमचासुद्धा कुणीतरी कुणाला तरी सप्रेम भेट दिलेला आहे. ती भांडी तुळशीबागेत मोड घालून कढई आणली, तो व्यवहार वीस मिनिटांत झाला.

मला चकित केलं ते तिकिटांनी. सासऱ्यांना पुस्तकात खूण म्हणून बसचं तिकीट घालायची सवय होती. पुस्तकं रद्दीला काढताना पानापानांतून पीएमटीची तिकिटं गळायला लागली. फिकट गुलाबी, हिरवी, पिवळी, कंडक्टरने चिमट्याने भोक पाडलेली. पीएमटी म्हणजे पुणे म्युनिसिपल ट्रान्सपोर्ट, २००७ मध्ये पिंपरी-चिंचवडच्या सेवेशी एक होऊन पीएमपीएमएल होण्याआधीची. मी ती केराच्या टोपलीत टाकत होते, भाच्याने टोपली ओढून घेतली. पन्नास रुपयांपासून टाकली. त्या संध्याकाळपासून प्रश्नांची रांग: कोणत्या किमतीची किती, भोकं किती, दुमडलेली किती, एकाच आकड्याची जोडी आहे का. मग जेवणाच्या टेबलावर बसले, बोट ओलं करायचा स्पंज काढला (निवृत्तीच्या दिवशी बँकेतून घरी आलेला, हिशेबात नाही) आणि नोटा लावतात तशी किमतीप्रमाणे तिकिटं लावली. एकशे त्रेचाळीस भरली. एकावर मागच्या अंगाला पेन्सिलीने सासऱ्यांचं अक्षर होतं, ‘दळण, रॉकेल, बापूकडे निरोप’. ते एक काढून घेतलं आणि जाहिरातीत एकशे बेचाळीस लिहिलं. तिघं शेवटपर्यंत झगडले, १,८५० ला गेली. स्पीड पोस्टाने पाठवली, पाकिटात पुठ्ठा घालून. घेणाऱ्याने पाचपैकी पाच तारे दिले आणि लिहिलं, ‘मोजणी अचूक.’ बत्तीस वर्षांत हे कुठल्या साहेबाने लिहिलं नव्हतं.

भाचा म्हणतो की ईबे ही अमेरिकेतली ऑनलाइन लिलावाची कंपनी ज्यातून उभी राहिली त्या साइटवर १९९५ मध्ये पहिली वस्तू विकली गेली ती मोडका लेझर पॉइंटर होती, १४ डॉलर ८३ सेंटला. मालकाने विचारलं, मोडका आहे हे कळलंय ना? तर घेणारा म्हणे मोडकेच जमवत होता. आपल्याकडे बाझी डॉट कॉम २००० मध्ये निघालं, २००४ मध्ये ईबेने घेतलं आणि २०१८ च्या ऑगस्टमध्ये ईबेचं भारतातलं दुकान बंद झालं. भाच्याने कॉलेजात असताना बाझीवर पहिला मोबाईल विकला होता, ते त्याने आईला अजून सांगितलेलं नाही.

आता तक्रारी.

शिलाईचं पायमशीन ज्याने ४,२०० ला ‘जिंकलं’ त्याने पैसे भरलेच नाहीत. अठ्ठेचाळीस तास वाट बघायची, मग ॲप विचारतं की दुसऱ्या क्रमांकाला देऊ का. दुसऱ्या क्रमांकाची बोली २,४००. मधली सगळी चढण त्या पळपुट्या माणसानेच, मशीनकडे मर्यादा न ठेवता थेट बोली लावून, एका उडीत केलेली, आणि त्याचं खातं त्याच आठवड्यात उघडलेलं. आता, वर एक खोटी मोठी बोली लावून बाकीच्यांना पळवायचं आणि नंतर ती सोडून खालच्या भावात माल उचलायचा, हा खेळ आमच्या मागच्या खोलीत चालला नसता, कारण अनामत भरल्याशिवाय तिथे खुर्चीच मिळत नसे. दहा टक्के अनामत ठेवा, मी ॲपला लेखी कळवलं. ‘आपला अभिप्राय मोलाचा आहे’ असं उत्तर आलं. मशीन मी दिलं नाही.

हंडीचं प्रकरण असं. दिवाणखान्यात टांगायची निळसर काचेची हंडी, वजन जेमतेम अडीच किलो, ३,१०० ला गेली, घेणारी बाई इंदूरची. चिंध्या, वर्तमानपत्र, बबल रॅप, एक खोकं, त्याबाहेर दुसरं खोकं. बाहेरचं खोकं चाळीस बाय चाळीस बाय पन्नास सेंटिमीटर. कुरियरचा मुलगा म्हणाला, सोळा किलो. मी म्हटलं, काटा बिघडलाय. काटा ठीक होता. कुरियरवाले लांबी, रुंदी, उंची गुणून पाच हजारांनी भागतात आणि जे वजन जास्त ते धरतात. ऐंशी हजार भागिले पाच हजार, सोळा. हवेचे साडेतेरा किलो. भरले १,१४० रुपये. आणि एवढं करून हंडी फुटून पोचली. बाईंचे पैसे ॲपने लगेच परत केले, त्याबद्दल तक्रार नाही, मीही तेच मागितलं असतं. ते माझ्या खात्यातून वळते केले. ‘पॅकिंग करतानाचा व्हिडिओ आहे का?’ आधी सांगितलं असतं तर केला असता. तो नियम मदतीच्या पानावर सतरावा आहे, मी मोजला. काच असेल तर स्वतः घेऊन जाणाऱ्यालाच द्या, जाहिरातीतच तसं लिहा.

एक बोली लावणारा ॲपच्या बाहेर बोलू लागला. सैन्यात आहे, बदली झाली आहे, चौरंग आईसाठी हवा आहे, पैसे आत्ता पाठवतो, हा कोड स्कॅन करून पिन टाका. मी म्हटलं, पैसे घ्यायला पिन लागत नाही रे. तो म्हणाला, नवीन नियम आहे. मी म्हटलं, मी बँकेत होते. फोन कट. कुणी खरंच फसलं असेल तर सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, १९३० या नंबरवर, लगेच फोन करावा, जितका उशीर तितके पैसे लांब जातात.

वस्तूचं वय लिहिताना ॲप एका चौकटीत टिक करायला लावतं: शंभर वर्षांपेक्षा जुनी नाही. ती डोळे मिटून टिक करू नका. १९७२ च्या पुरावशेष आणि कलानिधी कायद्याप्रमाणे शंभर वर्षांवरची कलेची किंवा इतिहासाची वस्तू, आणि हस्तलिखित असेल तर पंचाहत्तर वर्षांवरचं, पुरावशेषांत मोडू शकतं. त्याचा धंदा करायला परवाना लागतो आणि देशाबाहेर तर ते पाठवताच येत नाही. सासूबाईंच्या आजीचा मोराचा अडकित्ता म्हणून मी टाकलाच नाही. केळकर संग्रहालयातले अडकित्ते पाहून आल्यावर तो विकावासाही वाटेना. हाताने लिहिलेली एक पोथी निघाली, ती भारत इतिहास संशोधक मंडळात दाखवायची आहे. घराजवळ होतं तेव्हा कधी गेलो नाही, आता कर्वेनगरहून रिक्षा करून जायचं.

हिशेब. सदतीस नग टाकले, तेवीसवर बोली जिंकली गेली, एक पळाला, एक फुटला, एकवीसचे पैसे हातात. एकूण ३८,४५०. कमिशन बारा टक्के, ४,६१४. कमिशनवर अठरा टक्के जीएसटी, ८३० रुपये ५२ पैसे. हा जीएसटी तिसऱ्या स्क्रीनवर बारीक अक्षरात आहे, म्हणजे हजारामागे १४१ रुपये ६० पैसे जातात हे धरून चाला. खोकी, बबल रॅप, चिकटपट्टी ७९० आणि हंडीचं कुरियर. उरले ३१,०७५ रुपये ४८ पैसे. ॲपने कमिशन आणि जीएसटी कापून ३३,००५ जमा केले. अठ्ठेचाळीस पैशांबद्दल मी विचारलं आहे. प्राप्तिकराचं म्हणाल तर रोजच्या वापरातल्या घरगुती जंगम वस्तूंवर भांडवली नफा धरत नाहीत. दागिने, चित्रं, शिल्पं आणि पुरातन वस्तूंचे संग्रह त्यात येत नाहीत, ते वेगळे.

ह्यांचं मत, सात आठवडे रोज दोन तास धरले तर तासाला जेमतेम तीनशे सतरा रुपये सुटले. खरं आहे. पण त्या मुलाच्या टेम्पोत बंब चढवताना हेच दोनदा म्हणाले, ‘जपून, तोटी सांभाळा.’

माझ्यासारखं कुणी करणार असेल तर माळ्यावरच्या विचित्र वस्तू आधी टाका, ज्यांची किंमत सांगताना तुम्ही स्वतः अडखळता त्या. सुरुवात कमी ठेवा, पण त्याखाली द्यायची नाही अशी राखीव किंमत घाला. मी बंबाला घातली नव्हती आणि पाच रात्री नीट झोपले नाही. लिलाव रविवारी रात्री संपेल असा लावा, आणि पोळ्या आधी करून ठेवा.

काल सामानाची शेवटची खोकी उघडताना आकाशकंदिलांच्या खाली बंबाचं झाकण निघालं. मुलाला फोन केला. तो म्हणाला, कुरियर करा ना काकू. मी मोजपट्टी घेऊन खोक्याचं वजन काढलं, म्हणजे हवेचं, आणि त्याला आकडा सांगितला. रविवारी स्वतः येतो म्हणालाय. येताना कापडी पिशवी आण असं सांगितलंय, आमच्या गेलेल्या परत येत नाहीत.